केबल बंद करून इंटरनेटवर टीव्ही पाहताना या चुका टाळा

केबल बंद केली की महिन्याचे तीन-चारशे रुपये वाचतील, हा हिशेब बहुतेक घरांत तोंडीच केला जातो आणि चुकतो तो तिथेच. घरात ब्रॉडबँड आधीपासून असेल, मुलांच्या अभ्यासासाठी किंवा कोणाच्या घरून चालणाऱ्या कामासाठी त्याचे पैसे जातच असतील, तर त्याच कनेक्शनवर टीव्ही चालवायला वेगळा खर्च जवळजवळ येत नाही आणि केबलचे बिल खरोखर वाचते. परंतु घरात दोघेच ज्येष्ठ असतील, इंटरनेट फक्त मोबाइलपुरते असेल आणि ब्रॉडबँड केवळ टीव्हीसाठी नव्याने घ्यायचे असेल, तर ३९९ रुपयांचा प्लॅनसुद्धा १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडतो. त्यावर एखादे ॲप विकत घेतले की बचत संपली, उलट पदरचे पैसे गेले.

अशा घरांनी केबल तोडण्याऐवजी तिचे बिल छाटावे. ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाल्यापासून ग्राहकाला वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क आहे, तरीही केबलवाल्याने लावून दिलेले पॅकेज वर्षानुवर्षे तसेच चालू राहते. कधीही न लावलेल्या वाहिन्या काढायला सांगावे आणि एकच वाहिनी साध्या व एचडी अशा दोन्ही रूपांत घेतलेली नाही ना, हे पाहावे. ज्यांना सह्याद्री वाहिनी आणि थोड्याफार विनामूल्य वाहिन्या पुरतात, त्यांच्यासाठी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश आहे. डिश आणि सेट टॉप बॉक्स एकदा विकत घेतला की तिला मासिक रिचार्ज लागत नाही.

एका ॲपची चार ॲप्स होतात

खरी गळती इथे आहे. केबलवर सगळ्या मालिका एकाच रिमोटवर येत होत्या; इंटरनेटवर झी मराठीच्या मालिका झी ५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, अशी घराची वाटणी झालेली आहे. सासूबाईंसाठी एक, क्रिकेटसाठी दुसरे, मुलांसाठी तिसरे असे करत गेल्यास केबलचे दिवस स्वस्ताईचे वाटू लागतात.

आमच्या घरी केबल बंद करण्यापूर्वी आठवडाभर टीव्हीशेजारी एक वही ठेवली आणि जो कोणी वाहिनी लावेल त्याने तिचे नाव लिहायचे, असे ठरवले. शंभराहून अधिक वाहिन्यांचे पैसे आम्ही भरत होतो. वहीत नावे निघाली सात, त्यांपैकी तीन बातम्यांच्या वाहिन्या होत्या. मराठी वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर फुकट दिसते, त्यामुळे ती तीन नावे लगेच कटली. उरलेल्या चारांपैकी रोज लागणाऱ्या दोन वाहिन्या एकाच ॲपवर होत्या. आम्ही तेवढे एकच ॲप घेतले; बाकीच्या दोन वाहिन्यांची आठवण नंतर कोणी काढली नाही.

ॲप घेताना सर्वांत स्वस्त प्लॅनवर बोट ठेवण्याची घाई करू नये. अनेक ॲप्सचा सर्वांत स्वस्त प्लॅन फक्त मोबाइलवर चालतो आणि टीव्हीवर लॉगिन केले की वरचा प्लॅन घ्या म्हणून अडून बसतो. मोबाइलच्या रिचार्जसोबत ‘मोफत’ मिळणाऱ्या सदस्यत्वाचेही पुष्कळदा असेच असते. आपल्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये कोणती ॲप्स आधीच समाविष्ट आहेत, हे मात्र नक्की तपासावे, कारण तीच ॲप्स वेगळे पैसे भरून घेणारी घरे मी पाहिली आहेत. नातेवाइकांच्या पासवर्डवर विसंबणेही आता धोक्याचे आहे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात एका घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यास मनाई केली.

आणखी एक चूक फार महागात पडते. ॲप मोबाइलमधून काढून टाकले म्हणजे सदस्यत्व बंद झाले, असे समजले जाते, परंतु ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची दिलेली परवानगी, चालूच राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना यावी लागते. ती येतेही, पण जाहिरातींच्या संदेशांत हरवते. आपल्या यूपीआय ॲपमधील ऑटोपेचा विभाग एकदा उघडून पाहावा आणि नको असलेली परवानगी तिथेच रद्द करावी.

चित्र अडकते तेव्हा

मध्येच चित्र थांबून गोल फिरू लागले की लोक कंपनीला दोष देतात आणि अधिक वेगाचा प्लॅन घेतात. वास्तविक नेटफ्लिक्सच्या सूचनेनुसार फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस वेग पुरतो, त्यामुळे ३० एमबीपीएसचा साधा प्लॅन एका टीव्हीला भरपूर होतो. अडचण असते ती राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या भिंतींची. मोबाइल टीव्हीला अगदी खेटून धरावा आणि तिथे वेग मोजावा. तीच चाचणी राउटरजवळ करावी. राउटरजवळ वेग चांगला आणि टीव्हीजवळ पडलेला असेल, तर प्लॅन वाढवून काहीही उपयोग नाही. राउटर कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर, उंचावर ठेवावा. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचे वायफाय निवडावे, कारण ते वेगवान असले तरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. दोन भिंती ओलांडायच्या असतील तर २.४ गिगाहर्ट्झचे बरे. शक्य असेल तिथे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल, म्हणजे इंटरनेटची वायर, लावावी.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज टीव्ही पाहण्याचा बेत मात्र सोडून द्यावा. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी डेटा लागतो, म्हणजे रोजचा २ जीबीचा कोटा चाळीस मिनिटांत संपतो.

वेग उत्तम असूनही चित्र पुसट दिसत असेल, तर दोष बहुधा ॲप्स चालवण्यासाठी टीव्हीला जोडलेल्या बॉक्सचा असतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, अनामिक अँड्रॉइड बॉक्सना चित्रपटांच्या कॉपी-संरक्षणाचे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र नसते, त्यामुळे पैसे भरूनही मोठी ॲप्स त्यांवर कमी दर्जाचेच चित्र दाखवतात. जुना स्मार्ट टीव्ही मंदावला असेल तर नवा टीव्ही घेण्यापूर्वी न लागणारी ॲप्स काढून जागा मोकळी करावी. तेवढ्याने भागले नाही, तर नामांकित कंपनीची स्टिक, म्हणजे ॲप्स चालवणारे छोटे उपकरण, टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावावी.

दोन गोष्टी दुरुस्त होत नाहीत, त्या आधीच ठाऊक असाव्यात. थेट सामना ॲपवर केबलपेक्षा काही सेकंद उशिरा दिसतो, त्यामुळे शेजारी केबल असेल तर बाद झाल्याची आरोळी आपल्याला आधी ऐकू येते. आणि घरात इन्व्हर्टर नसेल तर वीज जाताच टीव्हीबरोबर राउटरही बंद पडतो व मोबाइलवर वायफायने पाहणेही थांबते. त्यापुरता मात्र राउटरचा छोटा यूपीएस उपयोगी पडतो.

घरातल्या ज्येष्ठांना विचारल्याशिवाय बदल करू नये. माझ्या आईला आकडा दाबला की वाहिनी लागते, एवढेच तंत्र पंचवीस वर्षे माहीत होते. ‘कोण पाहत आहे?’ असे विचारणाऱ्या पडद्यासमोर ती पहिल्या संध्याकाळी रिमोट हातात धरून नुसती बसून राहिली. तिच्या ॲपचे चिन्ह पहिल्या ओळीत पहिले आणून ठेवले, नको ती चिन्हे मागे सारली आणि माइकचे बटण दाबून मालिकेचे नाव मराठीत उच्चारायला शिकवले, तेव्हा चौथ्या दिवशी तिचे तिला जमू लागले.

म्हणूनच केबलचा खरा निरोप महिनाभराने घ्यावा. तोवर केबलचे रिचार्ज करू नये आणि बॉक्स तसाच राहू द्यावा. महिना सुरळीत गेला की केबलवाल्याला कनेक्शन बंद करण्याचे लेखी कळवावे, बॉक्स भाड्याचा असेल तर तो परत करून पावती घ्यावी आणि अनामत भरलेली असेल तर ती त्याच वेळी मागावी. पुढे सहा महिन्यांनी कोणी ‘मागील बाकी’ मागायला दारात आले, तर दाखवायला तेवढीच पावती असते.