नेबर ‘फुल’ आहे, मग रूट कुठे गेला?

टिकिट रात्री पावणेदोनला आलं. सोलापूरच्या शाखेचं १०.२०.५.० हे नेटवर्क पुण्याच्या राउटरवर दिसत नव्हतं. एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, लागून मला तीन महिने झाले होते. नेबर टेबल, म्हणजे शेजारच्या राउटरशी जोडणी कितपत जुळली ते दाखवणारी यादी, बघितलं; सोलापूरचा राउटर ‘फुल’. ओएसपीएफ हा राउटरना वाटा शोधून देणारा प्रोटोकॉल; मी टिकिटावर ‘ओएसपीएफ ठीक आहे, सर्किट तपासा’ असं लिहून ते लिंकवाल्या टीमकडे पाठवलं. दीड तासाने परत आलं. लिंक स्वच्छ होती, समोरच्या इंटरफेसला पिंग जात होता, रूट मात्र नव्हता. शाखा तोवर बंदच.

शिफ्टमधल्या सीनियर सरांनी एवढंच विचारलं, “टेबलात नाही हे कळलं. डेटाबेसमध्ये आहे का?”

मी ते बघितलंच नव्हतं.

या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मला हाच प्रश्न द्यावासा वाटतो. ओएसपीएफमध्ये एका एरियातले (नेटवर्कच्या एका भागातले) राउटर एकमेकांना तयार रूट देत नाहीत. माझ्या लिंक कोणत्या, त्यांची कॉस्ट किती, एवढंच प्रत्येक जण आपल्या एलएसएमध्ये (लिंकच्या माहितीच्या नोंदीत) लिहून एरियाभर पसरवतो. सगळ्यांचे एलएसए डेटाबेसमध्ये जमले की प्रत्येक राउटर स्वतः नकाशा मांडतो, त्यावर एसपीएफचं, म्हणजे सगळ्यात कमी कॉस्टच्या वाटेचं, गणित करतो आणि मग कुठे रूट टेबलात बसतो. ‘फुल’चा अर्थ दोघांचे डेटाबेस जुळले, इतकाच. गणित आणि टेबल अजून पुढेच असतात.

डेटाबेस उघडला तर सोलापूरचा एलएसए तिथे होता. त्यातच एक ओळ होती: ‘अ‍ॅड्व्ह राउटर इज नॉट रीचेबल’. नेबर फुल, आणि तोच राउटर नकाशावर पोहोचण्याबाहेर! सरांनी नेबर टेबल दोन्ही बाजूंनी काढायला लावलं. पुण्याकडे ‘फुल’च्या पुढे बीडीआर लिहिलेलं, सोलापूरकडे ‘फुल’च्या पुढे नुसती आडवी रेघ. रेघ म्हणजे ती बाजू पॉइंट-टू-पॉइंट (दोनच राउटरची थेट जोड), तिथे डीआर-बीडीआरची, म्हणजे प्रमुख आणि राखीव राउटरची, निवड होतच नाही. त्या दुपारी शाखेतला राउटर बदलला होता आणि नव्या कॉन्फिगमध्ये नेटवर्क टाइप पॉइंट-टू-पॉइंट टाकला होता. आमची बाजू ब्रॉडकास्टच (एका नेटवर्कवर अनेक राउटर असू शकतात असं धरणारी) राहिली, कारण इथरनेटवर तोच डिफॉल्ट.

दोन्ही प्रकारांत हॅलो (किती वेळाने शेजाऱ्याला हाक द्यायची) १० सेकंद आणि डेड (किती वेळ हाक आली नाही तर शेजारी गेला असं धरायचं) ४० सेकंद असतो, म्हणून नेबरशिप बिनतक्रार जुळली. पण पुण्याचा राउटर ती लिंक ‘ट्रान्झिट नेटवर्क’ (अनेक राउटरना जोडणारं सामाईक नेटवर्क) म्हणून लिहीत होता आणि सोलापूरचा ‘थेट समोरच्या राउटरशी जोड’ म्हणून. एसपीएफ कोणतीही लिंक धरण्याआधी समोरून परतीची लिंक आहे का ते बघतं. इथे दोन्ही नोंदी एकमेकींना भेटतच नव्हत्या. ही अट १९९८ च्या आरएफसी २३२८ या ओएसपीएफच्या मानक दस्तऐवजात स्पष्ट लिहिली आहे. तो दस्तऐवज जड आहे, पण त्याचा सोळावा भाग, रूटिंग टेबल कसं काढतात तो, सावकाश वाचाच. मला तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त उपयोगी पडला.

पुण्याच्या इंटरफेसवर नेटवर्क टाइप बदलला आणि थोड्या वेळात रूट आला. असा बदल करताना नेबरशिप क्षणभर तुटते, म्हणून चालू लिंकवर परवानगीशिवाय हात लावू नका.

तेव्हापासून रूट हरवला की मी आधी डेटाबेस बघते. एलएसएच नसेल तर आपल्या राउटरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, जिथून रूट निघायला हवा तिथे जायचं. इंटरफेस ओएसपीएफमध्ये घेतलाय का, एरिया बरोबर आहे का, आपला एरिया स्टब आहे का (स्टबमध्ये टाइप ५, म्हणजे बाहेरून आणलेल्या रूटचे एलएसए, येतच नाहीत), जुन्या सिस्को आयओएसवर रिडिस्ट्रिब्यूट करताना (दुसरीकडचे रूट ओएसपीएफमध्ये आणताना) ‘सबनेट्स’ हा शब्द राहिला का. तो शब्द राहिला तर फक्त क्लासफुल (जुन्या ए, बी, सी वर्गांची अखंड) नेटवर्क जातात. दोन राउटरना एकच राउटर आयडी दिला गेला असेल तर रूट येतात-जातात, आणि हे शोधायला सगळ्यात त्रास होतो.

एलएसए आहे पण रूट नाही, तर दोष बहुधा आपल्याजवळ किंवा नकाशात. इनबाउंड डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (आत येणारे रूट गाळणारी यादी) रूट टेबलाच्या दारात अडवते, डेटाबेसला हात लावत नाही. कुणीतरी स्टॅटिक रूट टाकून ठेवला असेल तर सिस्कोवर त्याचं डिस्टन्स (जितकं कमी तितकी पसंती) १ आणि ओएसपीएफचं ११०, तेव्हा स्टॅटिकच बसणार. बाहेरच्या रूटसाठी टाइप ५ मधला, पॅकेट पुढे कुठे पाठवायचं ते सांगणारा, फॉरवर्डिंग अ‍ॅड्रेसही बघा. तो शून्य नसेल तर त्याच्यापर्यंत ओएसपीएफचाच रूट लागतो.

एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसेल तर नेबर एक्सस्टार्टमध्येच, म्हणजे डेटाबेस जुळवण्याच्या सुरुवातीलाच, अडकतो. ते नेबर टेबलातच दिसतं, तिथे फार गोंधळ होत नाही.

सरावासाठी, संगणकावरच राउटर चालवून बघायच्या जीएनएस३ मध्ये तीन राउटर पुरतात. सगळं नीट चालत असताना नेबर, डेटाबेस आणि रूट टेबल या तिन्हींचं आउटपुट जपून ठेवा. मग एका बाजूला नेटवर्क टाइप बदला आणि तीच तीन आउटपुट पुन्हा काढून शेजारी ठेवा. पहिल्यात ‘फुल’ तसंच असेल. दुसऱ्यात ती ‘नॉट रीचेबल’ची ओळ शोधा.