तोरणमाळ सायकलवर: राणीपूरपर्यंत पाय राखून ठेवा

नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाताना शहादा ते म्हसावद रस्ता जवळपास सपाट. पहाटेचा गारवा, दोन्ही बाजूंना शेतं, सोबत चार मित्र. बहुतेकांचा घाट इथेच हुकतो. पाय ताजे असतात, म्हणून जो तो पळत सुटतो. पण तोरणमाळ साधारण 1,150 मीटर उंचीवर आहे आणि त्यातला मोठा चढ राणीपूरच्या पुढे, सातपायरी घाटाकडे आहे. माझ्यासोबत येणाऱ्या पोरांना मी आधीच बजावतो: राणीपूरपर्यंत गप्पा मारत सायकल चालली पाहिजे. वाक्य पुरं करताना दम लागला, की वेग उतरवा.

आता गिअरचं बघा. घाटात ताशी 8 किलोमीटरने चढताय असं धरा. पुढे 48 दात्यांची चकती आणि मागे 28 ची असेल, तर पायडलच्या मिनिटाला 40 फेऱ्याही होत नाहीत. प्रत्येक फेरीला मांडीचं सगळं बळ लागतं आणि गुडघा धरतो. पुढे 34, मागे 34 असेल तर त्याच वेगाला साठ-पासष्ट फेऱ्या पडतात, पाय हलके फिरतात. म्हणून घाटाचा विचार असेल तर महागड्या हलक्या फ्रेमआधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, मोठ्या दात्यांची बसवून घ्या. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दाते पेलतो का, ते मात्र मिस्त्रीला विचारा. गिअर वळणाच्या आधीच उतरवा. चढावर जोर लावताना बदलला तर चेन कडाडते, कधी उतरतेही.

सपाटीवर दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो. घाटात इतक्या कमी वेगाला तो फायदा जवळजवळ उरत नाही, तिथे फक्त वजन वर न्यायचं असतं. पुढचा निघून गेला तर जाऊ द्या. भाऊ, हयूहयू (हळूहळू) चाला.

शक्यतो बसूनच चढा, हँडल सैल धरा, खांदे सोडा. उभं राहायचं ते कंबर मोकळी करायला किंवा एखाद्या अवघड वळणापुरतं. आतल्या बाजूने वळण जास्त खडं असतं, पण म्हणून समोरचं न दिसणाऱ्या वळणावर उजवीकडे जाऊ नका. जीप खाली येत असते.

खाणं भूक लागायच्या आधी. आपल्याकडे केळ्यांना तोटा नाही: दर पाऊण तासाला एक, मधे गूळ-शेंगदाणे, आणि एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको, खिचडी बरी. एप्रिल-मेमध्ये खानदेशात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा हा चढ करूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सातपुडा सुंदर दिसतो, पण दरडींचा भरवसा नाही. 2021 च्या ऑगस्टअखेर चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता.

उतरताना पातळ जॅकेट घाला, घामेजलं अंग वाऱ्याने गारठतं. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करा, वळणात सोडा. बारीक खडी दिसली तर सायकल सरळ ठेवा.