नव्या लॅपटॉपमधल्या विंडोजचे पैसे परत मागताय? या चुका टाळा

लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) वापरणारा माणूस दुकानातून नवा लॅपटॉप आणतो तेव्हा न वापरायच्या विंडोजचेही पैसे भरून येतो. बिलावर एकच रक्कम असते, त्यामुळे हे पैसे गेल्याचं कळतही नाही. ते परत मागता येतात. पण अनेकांचा दावा कंपनीने नकार देण्याआधीच संपलेला असतो, तोही स्वतःच्या हाताने, लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना.

घाईघाईत ‘स्वीकारा’ दाबणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. खराब माल परत करणं आणि विंडोज परत करणं यांत मोठा फरक आहे. इथे तुम्ही एक करार नाकारत असता. विंडोजच्या परवान्यातच म्हटलंय की अटी मान्य नसतील तर सॉफ्टवेअर वापरू नका, संगणक बनवणाऱ्या कंपनीला तिचं परतीचं धोरण विचारा आणि त्यानुसार सॉफ्टवेअर किंवा संगणक परत करून पैसे घ्या. तुमचा सगळा दावा या एका कलमावर उभा आहे. एकदा अटी स्वीकारल्या की नाकारायला काही उरत नाही. नंतर विंडोज पुसून लिनक्स टाकलं तरी ‘मी ते वापरलं नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर देश, कीबोर्ड, वाय-फाय असे प्रश्न येतात आणि मग कराराचं पान. तिथे थांबा. दुकानदार ‘सेटअप करून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा, कारण तो तुमच्या वतीने तेच बटण दाबणार आहे. खोका उघडण्यापासून कराराच्या पानापर्यंत मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. लॅपटॉपच्या तळावरचा सिरियल नंबर त्यात दिसला पाहिजे. मग पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. स्क्रीन, कीबोर्ड, वाय-फाय नीट चालतात का हे लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, तपासता येतं.

चुकीच्या दारात उभं राहणं

मायक्रोसॉफ्टला फोन करून उपयोग नाही. परवानाच तुम्हाला संगणक बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवतो. दुकानदाराने विंडोज वेगळं विकलेलं नसतं, त्यामुळे तोही हात वर करतो. कंपनीला ईमेल करा, तोही त्याच दिवशी. फोनवरच्या बोलण्याचा तुमच्याकडे काही पुरावा राहत नाही. ईमेलमध्ये मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, अटी नाकारल्याचं एक स्पष्ट वाक्य आणि परताव्याची मागणी एवढं पुरे. सोबत पक्कं बिल जोडा. हार्डवेअरची वॉरंटी कायम राहील ना, हेही त्यातच विचारून घ्या.

रक्कम मागतानाही भान ठेवा. बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या विंडोजची किंमत मागितली तर कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं, कारण उत्पादकांना विंडोज त्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

उत्तराची वाट बघत मुदत घालवणं

परवान्यात ‘सॉफ्टवेअर किंवा संगणक’ असे शब्द आहेत, म्हणून ‘पूर्ण लॅपटॉपच परत करा’ असं उत्तर येऊ शकतं. तोवर दुकानाची किंवा ऑनलाइन विक्रेत्याची परतीची मुदत उलटलेली असेल तर तुम्ही अडकलात. ऑर्डर देण्याआधीच परतीच्या अटी वाचा. आणि त्याच वेळी तेच मॉडेल विंडोजशिवाय, म्हणजे फ्री-डॉस (एक साधी मोफत सिस्टिम) किंवा उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) यांच्यासह मिळतंय का हेही पाहा. मिळत असेल तर माझ्या मते तेच घ्यावं. एवढी यातायात करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

जुने सल्ले पाळणं

‘लॅपटॉपवरचं विंडोजचं स्टिकर काढून पाठवा’ हा सल्ला अजून फिरतो. त्या स्टिकरवर विंडोजची ‘प्रॉडक्ट की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक, असायचा. 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासून तो क्रमांक मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो. त्यामुळे परतावा मंजूर झाला तरी कंपनी मशीन सर्व्हिस सेंटरला मागवू शकते. प्रकरण मिटेपर्यंत डिस्क पुसू नका, रिकव्हरी पार्टिशनही (विंडोज पुन्हा टाकण्यासाठी डिस्कवर राखलेला भाग) जपा.

आधीच टाकलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस हा वेगळा विषय. त्याचे पैसे घेतलेलेच नसतात; तो सरळ काढून टाका. फक्त त्याला कार्डाची माहिती देऊ नका, नाहीतर मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाऊ शकतात.

पहिल्या नकारावर गप्प बसणं

नकार येईल हे धरूनच चाला. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये एचपीविरुद्धच्या खटल्यात, अटी न स्वीकारणाऱ्या ग्राहकाला विंडोजचे पैसे परत मिळाले पाहिजेत, असं ठरवलं. पुढे तिथेच लेनोवो 42 युरोंच्या परताव्यावरून अपिलात गेली, तेव्हा मोंझाच्या न्यायालयाने तिला ग्राहकाला 20,000 युरो देण्याचा आदेश दिला. याच्या उलट, 2016 मध्ये सोनीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की संगणक सॉफ्टवेअरसकट विकणं एवढ्यानेच व्यवहार अनुचित ठरत नाही. म्हणून ‘विंडोजसह विकलंच का?’ यावर भांडू नका. ‘करार नाकारला, त्यातल्या कलमाप्रमाणे पैसे द्या’ एवढ्यावरच ठाम राहा.

हे निकाल भारतात बंधनकारक नाहीत. पण आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही प्रतिबंधक व्यापार प्रथा मानली आहे, आणि तो मुद्दा तक्रारीत जरूर मांडावा. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्काशिवाय करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बिल, व्हिडिओ आणि कंपनीचं नकाराचं ईमेल सोबत जोडा.