घरट्यापासून लांब राहून विणीच्या हंगामाचे फोटो कसे काढावेत

वसंतात कॅमेरा घेऊन निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं: घरटं, त्यात चोची वासून बसलेली पिल्लं आणि काठावर चारा घेऊन आलेली आई. असे फोटो आजवर इतके निघालेत की त्यात नवं काही उरलेलं नाही. शिवाय ते मिळवताना झालेला त्रास पक्ष्यांच्या वाट्याला येतो. विणीच्या हंगामातले खरे बोलके क्षण घरट्याच्या बाहेरच घडतात. काड्या गोळा करणं, मादीला घास भरवणं, चोचीत किडा धरून वाट बघणं, उडायला शिकलेल्या पिल्लांचा हट्ट पुरवणं, हे सगळं घरट्याला कॅमेरा न लावता टिपता येतं. कसं ते पुढे सांगतो.

सुरुवात झाडांपासून करा

पक्षी शोधत रानभर फिरण्यापेक्षा फुललेलं एक झाड निवडा. काटेसावर, पळस आणि पांगारा ही तीन झाडं नवशिक्यासाठी सगळ्यात सोयीची, कारण ती पानं झडलेल्या अवस्थेत फुलतात. फांद्या उघड्या, फुलं भडक, फुलांत मध. साळुंकी, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळे, सगळे आळीपाळीने येतात. कपाळाला पिवळे परागकण चिकटलेला पक्षी दिसला तर तो फोटो सोडू नका. परागीभवन समजावून सांगायला त्याहून चांगलं चित्र नाही.

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास तिथेच काढा. झाडाला प्रदक्षिणा घालत बसू नका. ऊन तुमच्या पाठीमागून येईल आणि एखादा फुललेला घोस डोळ्यांच्या उंचीवर असेल अशी जागा हेरा, उतार असेल तर वरच्या बाजूची. मग त्या घोसावर फोकस करून थांबा. पक्षी तिथे येणारच, कारण मध तिथे आहे.

लाल-केशरी फुलं कॅमेऱ्याला फसवतात. एकूण फोटो ठीक दिसतो, पण पाकळ्यांमधला तपशील जाऊन नुसता लाल डाग उरतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा प्रकाश, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (प्रकाश मोजण्याची पायरी) कमी ठेवा. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम (उजेडाचे आलेख) दिसत असतील तर लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला आदळत नाही ना, तेवढं पाहा.

कोवळ्या पालवीसाठी मात्र उलटं करा, सूर्याच्या समोरून काढा. कुसुम आणि पिंपळाची नवी पानं तांबूस असतात, कारण त्यांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं आणि हरितद्रव्य अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. पानामागून ऊन आलं की शिरा न् शिरा उजळते. यासाठी मोठी लेन्स लागत नाही, मोबाइल पुरतो. एकच फांदी ठरवून, दर आठवड्याला एकाच जागेवरून आणि साधारण एकाच वेळी टिपली, तर उघडी फांदी, कळ्या, फुलं, शेंगा आणि पानं अशी मालिका तयार होते. माझ्या मते एखाद्या सुट्या देखण्या फोटोपेक्षा अशी मालिका वसंताबद्दल जास्त सांगते.

हंगाम कुणाचा आहे ते ओळखा

वसंत आला की सगळेच पक्षी घरटी बांधतात असं नाही. थंड प्रदेशांत दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि विणीची घाई सुरू होते. उष्ण प्रदेशांत पाऊस आणि खाद्य यांचाही हिशेब असतो. सुगरणीची लोंबती घरटी पावसाळ्यात दिसतात, कारण विणायला ओलं, लवचीक गवत आणि पिल्लांना भरवायला किडे तेव्हाच मिळतात. कावळे पावसाच्या आधी घरटं करतात, आणि त्यांच्याच घरट्यात अंडी घालणारा कोकीळही त्याच वेळी गळा काढतो. गाणारा तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी गप्प राहून कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवून असते. जोडीतला अवघड फोटो तिचाच.

पिसाऱ्यावरही लक्ष ठेवा. एरवी पांढराशुभ्र असणारा गायबगळा डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर केशरी-पिवळा होतो. मातकट दिसणाऱ्या वंचकाच्या पाठीवर गर्द तांबडी पिसं येतात. तळ्याकाठी निवांत बसून हे दोघं टिपता येतात आणि कुणालाही त्रास होत नाही.

बाकीच्या खुणा वागण्यात असतात. वाळलेल्या फांदीखाली ताजा भुसा पडलेला दिसला तर वर तांबट किंवा सुतार पक्षी ढोली कोरतो आहे. चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन उडणारा शिंजीर घरटं बांधतो आहे. छोट्या खंड्याच्या चोचीतल्या माशाचं तोंड कुठे आहे ते पाहा. स्वतः गिळायचा असेल तर माशाचं डोकं घशाकडे असतं. डोकं बाहेरच्या बाजूला असेल तर तो घास मादीसाठी किंवा पिल्लांसाठी आहे. आणि एखादा पक्षी चोचीत पांढरी गुठळी घेऊन झुडपातून बाहेर पडला तर ती पिल्लांची विष्ठा आहे. बऱ्याच लहान पक्ष्यांत ती पातळ आवरणात बांधलेली बाहेर पडते आणि आईबाप ती उचलून लांब टाकतात. या खुणा वाचता आल्या की आत न डोकावताही घरट्यात काय चाललंय ते कळतं.

अंतर पक्ष्याला ठरवू द्या

घरट्यापासून किती मीटरवर थांबावं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. एका आकड्यात त्याचं उत्तर नाही. वस्तीतली साळुंकी माणसाला खिजगणतीत धरत नाही, रानातला पक्षी शंभर पावलांवरून बिथरतो.

याबाबतीत वेडा राघू हा उत्तम शिक्षक आहे. मातीच्या उतारावर बीळ करून राहणारा हा हिरवा पक्षी चोचीत चतुर पकडून आणतो, फांदीवर आपटतो आणि तसाच बसून राहतो. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरट्याजवळ माणूस उभा असेल तर हे पक्षी बिळात शिरायला कचरतात. पण माणूस तेवढ्याच अंतरावर असला आणि त्याला बिळाचं तोंड दिसत नसलं, तर ते जास्त सहज आत जातात. म्हणजे माणूस किती जवळ आहे एवढंच नव्हे, तर त्याला काय दिसतंय याचाही अंदाज हा एवढासा पक्षी घेतो.

छायाचित्रकाराने यातून थेट कृती घ्यावी: घरटं दिसणार नाही अशा जागी बसा आणि कॅमेरा त्या बसण्याच्या फांदीवर रोखा. चतुर, चोच, पंखांचा हिरवा रंग आणि मागे मोकळं आकाश, सगळं तिथेच मिळतं. तरीही घास धरलेला पक्षी बसूनच राहिला, तेच तेच इशाऱ्याचे आवाज काढू लागला, फांदी बदलत घिरट्या घालू लागला, तर त्याला अडवणारे तुम्हीच आहात. लगेच मागे सरा. तो आत गेला की तुमचं अंतर बरोबर आहे. टिटवी डोक्यावर झेपावू लागली किंवा पंख मोडल्याचं सोंग घेऊन जमिनीवर फडफडू लागली तर तेही दृश्य म्हणून टिपत बसू नका. अंडी पायाजवळ कुठेतरी आहेत आणि ती मातीसारखीच दिसतात. आल्या पावली, जमीन बघत परत फिरा.

काही टप्प्यांवर तर जवळ फिरकूच नये. घरटं बांधताना आणि अंडी घालताना व्यत्यय आला तर पक्षी ते सोडून देण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. उबवण्याच्या काळात, विशेषतः उन्हाळ्यात, पालक उठले की उघडी अंडी थोड्या वेळात तापून निकामी होतात. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते, त्यावरून उन्हाचा धोका केवढा ते लक्षात यावं. पिल्लं पिसांनी भरलेली, उडायच्या बेतात असतात तेव्हा जवळ गेलं की ती वेळेआधीच उडी मारतात. धनेशाचं तर आणखी नाजूक. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिचं व पिल्लांचं पोट नर आणेल त्या फळांवर अवलंबून असतं. ढोलीखाली कॅमेऱ्यांची रांग लागली की तो खेपा टाळतो, आणि आतल्यांना बाहेर पडून काही मिळवता येत नाही.

चांगला कोन मिळावा म्हणून फांद्या बाजूला बांधणं किंवा छाटणं हा प्रकार अजूनही चालतो. ती पानं तिथे सावली आणि आडोसा म्हणून असतात. ती गेली की ऊन आत येतं आणि कावळ्याची नजरही. तुम्ही रोज ज्या वाटेने गवत तुडवत जाता तीच वाट मुंगसाला आणि मांजरालाही सोपी पडते. फ्लॅश, ड्रोन आणि मोबाइलवर वाजवलेले पक्ष्यांचे आवाज या तिन्ही गोष्टी या काळात घरीच ठेवा. हा निव्वळ सद्वर्तनाचा प्रश्न नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणं येतं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार ठरावीक दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याशी असा व्यत्यय आणणारं छायाचित्रण परवान्याशिवाय करता येत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. माणसाचा हात लागला की त्या वासाने पक्षी पिल्लाला टाकून देतात, हे खरं नाही. जमिनीवर उड्या मारणारं, आखूड शेपटीचं पिल्लू बहुधा अनाथ नसतं. आईबाप जवळच असतात आणि तुम्ही निघून जाण्याची वाट बघत असतात.

लपा, पण साधेपणाने

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कर्टन हे भाऊ पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी पोकळ, बनावट बैलाच्या पोटात शिरून बसायचे. तुम्हाला एवढा खटाटोप नको. उभी मोटार हा उत्तम आडोसा आहे. चालत्या माणसाला घाबरणारे पक्षी गाडीकडे बरेचदा दुर्लक्ष करतात. इंजिन बंद करा, खिडकीच्या काचेवर धान्य भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. घराची खिडकीही चालते, फक्त आतला दिवा बंद हवा. बाहेर असाल तर मळकट रंगाचे कपडे घाला, झाडाला टेकून खाली बसा आणि सरळ पक्ष्याच्या दिशेने चालत जाऊ नका.

कॅमेऱ्याचं थोडक्यात

लांबून काढायचं म्हणजे ४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स सोयीची. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर ती जवळपास ६०० चं दृश्य देते. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंद, काडी घेऊन उडणाऱ्यासाठी १/२००० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवा. थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला फोटो परवडत नाही. सतत फोकस चालू ठेवा, डोळा ओळखण्याची सोय असेल तर तीही. काळ्या कोकिळासाठी एक्स्पोजर वाढवावं लागतं. मागे गडद झाडी असेल तर बगळ्यासाठी ते कमी करावं लागतं, नाहीतर पांढऱ्या पिसांचा चुना होतो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर उपयोगी आहे, पण काही कॅमेऱ्यांत वेगाने हलणारे पंख त्यात वाकडे उमटतात. घरीच एकदा तपासून घ्या.

मोबाइल असेल तर पक्ष्याच्या मागे लागू नका. फुललेलं झाड पूर्ण घ्या आणि त्यात पक्षी बारीक ठिपक्याएवढा राहू द्या.

पिल्लं बाहेर पडल्यावर

घरट्यातल्या पिल्लांचा मोह आवरलेल्याला फळ इथे मिळतं. बऱ्याच लहान पक्ष्यांत अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि आणखी दोनएक आठवड्यांत पिल्लं घरटं सोडतात. त्यानंतरही काही दिवस आईबाप त्यांना भरवतात, आणि तेही बऱ्याचदा उघड्या फांदीवर. चोचीच्या कोपऱ्यात पिवळी किनार, आखूड शेपूट, थरथरणारे पंख आणि अखंड ओरडा ही त्यांची ओळख. कोतवालाची पिल्लं तारेवर बसून अन्न मागतात, बुलबुलाची झुडपाच्या टोकावर. आवाजाच्या दिशेने जाऊ नका. थोडं पुढे, मोकळ्या फांदीसमोर बसा आणि त्यांना तुमच्याकडे येऊ द्या.

फोटो पोस्ट करण्याआधी

मोबाइल आणि अनेक कॅमेरे फोटोत जीपीएसचं स्थान नोंदवतात. दुर्मीळ पक्षी असेल तर ते काढून टाका आणि मागे ओळखू येणारं देऊळ, पूल किंवा टेकडी नाही ना, ते पाहा. हंगाम संपेपर्यंत थांबलात तर उत्तमच. फोटोखाली तारीख, पक्ष्याचं नाव आणि तो काय करत होता एवढं लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना प्रजननाचे संकेत निवडता येतात: घरट्यासाठी साहित्य नेताना, पिल्लांसाठी अन्न नेताना, विष्ठेची गुठळी नेताना, नुकतीच उडालेली पिल्लं. लांबून काढलेले तुमचे फोटो नेमके याच रकान्यांत बसतात.