पाळी गेल्यावर मॅग्नेशियमची गोळी: कोणती, किती आणि कोणी घेऊ नये

कपाशीचं पान शिरांच्या मधून लाल पडायला लागलं की 'लाल्या' आला म्हणायचं आणि कृषी केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट आणून फवारायचं, हे विदर्भातल्या शेतकरी घरात सगळ्यांना ठाऊक असतं. आता तोच शब्द बायांच्या कानावर वेगळ्या वाटेनं येतोय. पाळी जायच्या वयात झोप उडते, अंगातून वाफा निघतात, रात्री पिंडऱ्यांत गोळे येतात; त्यावर मॅग्नेशियम घ्या, असं मोबाइलवरचा व्हिडिओ सांगतो आणि मेडिकलवाला डबी पुढे करतो. गोळी वाईट नाही. पण तिचा उपयोग थोड्याच गोष्टींना होतो, आणि डबीच्या पुढच्या बाजूला छापलेला आकडा बहुतेक वेळा आपल्या कामाचा नसतो.

कशावर चालते, कशावर नाही

बद्धकोष्ठावर चालते, यात शंका नाही. रोजच्या खाण्यात मॅग्नेशियम कमी पडत असेल तर ती उणीव भरून निघते. हाडांना त्याची गरज असते, कारण अंगातलं निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम हाडांतच साठलेलं असतं. पण कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची जागा ते घेत नाही. झोपेसाठी थोडाफार उपयोग काही बायांना जाणवतो, पण पुरावा कच्चा आहे.

अंगातून निघणाऱ्या वाफांवर मात्र भरवसा ठेवू नका. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायांवर अमेरिकेत मॅग्नेशियम ऑक्साइडची चाचणी झाली. पहिल्या छोट्या चाचणीत आशा दिसली, पण नंतरच्या मोठ्या चाचणीत रोज ८०० आणि १२०० मिलिग्रॅम देऊनही औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. जुलाब तेवढे वाढले. वाफांनी रात्र-रात्र झोप मोडत असेल तर त्यावर हार्मोनची आणि बिनहार्मोनची, दोन्ही प्रकारची औषधं आहेत. त्यासाठी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं.

पायातल्या गोळ्यांचंही तसंच. वयस्क माणसांच्या पायात येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा विशेष उपयोग होत नाही, असंच आजवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला घट्ट ठेवून पिंडरी ताणायची. तीस मोजेपर्यंत, प्रत्येक पायाला तीन वेळा. दिवसभर उन्हात निंदण झालं असेल तर आधी पाणी आणि मिठाचं ताक. एवढं करून पाहिल्याशिवाय गोळीवर पैसे घालू नयेत.

आधी किडनी

जास्तीचं मॅग्नेशियम अंगाबाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी मंद असेल तर ते रक्तात साठत जातं. मग मळमळ, चेहरा लाल होणं, गुंगी, बीपी उतरणं, हातापायातली ताकद जाणं आणि फार वाढलं तर श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावणं, असं होत जातं. यातला लाल चेहरा पाळी जातानाच्या वाफेसारखाच दिसतो, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पहिली गोळी घेण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्यावं; किडनी कितपत काम करते ते त्यावरून कळतं. तालुक्याच्या कोणत्याही लॅबमध्ये होतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये; पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावांमधून किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. बीपी किंवा साखर असलेल्या बाईलाही हेच लागू. चिठ्ठीवरचा आकडा 'नॉर्मल'च्या रकान्यात बसला म्हणून निर्धास्त राहू नका. चाळीस किलो वजनाच्या बारीक बाईच्या अंगात मांस कमी, त्यामुळे किडनी मंद असूनही क्रिएटिनिन बेताचंच दिसतं. वय आणि वजन धरून हिशोब डॉक्टरांकडूनच करून घ्या.

रक्तातल्या मॅग्नेशियमची तपासणी मात्र सगळ्यांनी करायची गरज नाही. अंगातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात असतं, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणजे साठा भरलेला आहे असं नाही. ॲसिडिटीची ओमेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोल वर्षभराहून जास्त चालू असेल, किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल, तर तपासावं. या दोन्हींनी मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

ताटात किती येतं

बाईला दिवसाला साधारण ३२० ते ३७० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं. १०० ग्रॅम ज्वारीत ते १३० च्या आसपास असतं. दोन बऱ्यापैकी भाकरींना १२० ग्रॅमच्या वर पीठ लागतं, म्हणजे दीडशेहून जास्त तिथेच मिळालं. वाटीभर तुरीच्या वरणातून तीसेक, मूठभर शेंगदाण्यांतून पन्नासेक. आणि जवस: १५ ग्रॅम जवसाची चटणी खाल्ली तर पंचावन्न-साठ. ज्वारी खाणाऱ्या घरात गोळीशिवायच काम होत आलं ते असं.

घोटाळा होतो तो ज्वारी गेल्यावर. ताटभर भाताला १५० ग्रॅम पांढरा तांदूळ धरला तरी जेमतेम तीस-पस्तीस मिळतात. त्यामुळे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दोन्ही वेळा भातच असेल तर उणीव राहण्याची शक्यता जास्त. तिथे धानामागून घेतलेला जवस घरात असतोच. तो विकून टाकण्याआधी वर्षाची चटणी बाजूला ठेवा. जवस लोखंडी तव्यावर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, गार झाल्यावर लसूण, तिखट, मीठ घालून भरड कुटायचा. अख्खा गिळलेला दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो, त्यातून काही मिळत नाही. चटणी दहा-बारा दिवसांपुरतीच करावी. जास्त दिवस राहिली की तेलाला वास येतो.

खाणं असं असेल आणि पोट साफ होत असेल तर गोळी घ्यायचं खरं तर कारण उरत नाही.

डबीवरचा आकडा

'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हे वजन मॅग्नेशियमचं आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या पदार्थाचं मिळून असतं. आपल्याला हवा तो 'एलिमेंटल', म्हणजे निव्वळ मॅग्नेशियमचा आकडा, तो मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडतो. ग्लायसिनेटमध्ये साधारण १४ टक्के, सायट्रेटमध्ये जास्तीत जास्त १६ टक्के, ऑक्साइडमध्ये ६० टक्के. म्हणजे १००० च्या ग्लायसिनेटमधून १४० मिळतात आणि ४०० च्या ऑक्साइडमधून २४०. आकडा ऑक्साइडचा मोठा दिसतो, पण ते आतड्यात फार कमी शोषलं जातं. बाकीचं पाणी ओढून जुलाब करतं. एलिमेंटलचा आकडा कुठेच छापलेला नसेल तर ती डबी परत ठेवावी.

पोट नेहमी कडक असेल तर सायट्रेट घ्यावं. पोट हलकं असेल किंवा वावरात दिवस जात असेल तर ग्लायसिनेट. महाग पडतं, पण पोट कमी बिघडवतं.

आधीपासून चालू असलेल्या गोळ्याही पाहा. हाडांसाठी दिलेल्या बऱ्याच कॅल्शियमच्या गोळ्यांत मॅग्नेशियम आणि झिंक घातलेलं असतं. ॲसिडिटीच्या पातळ पांढऱ्या औषधात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. सगळ्यांची बेरीज करायची. औषध-गोळ्यांतून मिळणारं मॅग्नेशियम दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, जाऊ देऊ नये. ही मर्यादा खाण्यातल्या मॅग्नेशियमला लागू नाही. भाकरी पोटभर खा.

घ्यायची कशी

पहिला आठवडा रात्री जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत १०० मिलिग्रॅम एलिमेंटल. उपाशीपोटी घेतली की पोटात मुरडा येतो. पोट ठीक राहिलं तर दुसऱ्या आठवड्यापासून २००. तिथेच थांबावं. घरच्या घरी त्याच्या पुढे वाढवण्यात फायदा फारसा नाही, जुलाबाची शक्यता मात्र वाढते. शौच पातळ झालं की लगेच आधीच्या मात्रेवर यावं. दोन दिवसांत थांबलं नाही तर गोळी बंद.

सुरुवात कधी करायची, हेही पाहा. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत पहिली गोळी घेतली आणि सकाळी वावरात पोट बिघडलं, तर जवळ ना आडोसा ना पाणी. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत जुलाब लागले तर अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. सुरुवात श्रावणात किंवा थंडीत, घरी असण्याच्या दोन-तीन दिवसांत करावी.

रात्रीचीच वेळ का? गोळीनं गुंगी येते म्हणून नाही. सकाळ आधीच इतर गोळ्यांनी भरलेली असते आणि मॅग्नेशियम त्यांतल्या काहींना पोटातच धरून ठेवतं. थायरॉइडच्या गोळीत आणि मॅग्नेशियममध्ये चार तासांचं अंतर हवं. हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा दिली जाणारी अलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी घेतात. त्या दिवशी मॅग्नेशियम रात्रीच. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक पाच-सात दिवस चालू असेल तर तेवढे दिवस मॅग्नेशियम बंद ठेवणं सगळ्यात सोपं. लोहाची गोळी सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत, मॅग्नेशियम रात्री: असं मांडलं की गोंधळ होत नाही. स्पायरोनोलॅक्टोन किंवा हृदयाची डिजॉक्सिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

डबी टिनाच्या छपराखाली, चुलीजवळ किंवा देवळीत ठेवू नका. झाकण घट्ट लावून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पाण्यात विरघळणाऱ्या फेसाळ गोळ्या पावसाळ्यात ओल धरून फुगतात. तशी झालेली गोळी टाकून द्यावी.

कृषी केंद्रातलं पोतं

लाल्यासाठी आणलेलं मॅग्नेशियम सल्फेट हे पांढरे स्फटिक असतात, मिठासारखे. 'हेही मॅग्नेशियमच ना' म्हणून चमचाभर पाण्यात घेण्याचा मोह कोणाला होऊ शकतो. घेऊ नये. त्यात मॅग्नेशियम साधारण साडेनऊ टक्के, म्हणजे पाच ग्रॅमच्या सपाट चमच्यातून पावणेपाचशे मिलिग्रॅम एकदम पोटात जातं आणि मिनिटामिनिटाला परसाकडं धावावं लागतं. शिवाय ते पिकासाठी बनवलेलं असतं, पोटात जाण्याइतकं शुद्ध करणं त्यात अपेक्षितच नसतं. हेच स्फटिक गरम पाण्यात टाकून पाय बुडवायला सांगतात. गरम पाण्यानं पायांना बरं वाटतं, कातडीतून मॅग्नेशियम आत जातं म्हणून नाही. ते पोतं फवारणीच्या सामानातच राहू द्या, स्वयंपाकघरात आणू नका.

पाळीच्या नावाखाली दुसरंच काही नाही ना

पाळी सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं धरायचं. आपल्याकडे हे बहुधा पंचेचाळिशी ते पन्नाशीच्या दरम्यान होतं. ऑपरेशन करून फक्त गर्भपिशवी काढली असेल आणि अंडाशय ठेवले असतील, तर रक्तस्राव थांबतो पण हार्मोन चालूच राहतात. अंडाशयही काढले असतील तर वाफा एकदम आणि जोरात सुरू होतात. डिस्चार्ज कार्डावर काय काढलं ते लिहिलेलं असतं, ते कार्ड जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बारा महिन्यांनंतर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, लगेच. रात्री घाम फुटतोय, सोबत संध्याकाळची कणकण, वजन घटणं किंवा दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर ते क्षयाचं असू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी फुकट होते, आशाताईंना सांगितलं तरी त्या सोय लावतात. छातीत धडधड आणि हात थरथरत असतील तर थायरॉइड तपासा. एकाच पायाला सूज येऊन पिंडरी दुखत असेल तर तो गोळा नसून रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोळी सुरू केल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडा आणि रोज सकाळी त्या चौकोनात दोनच खुणा करा: झोप कशी झाली, पोट कसं झालं. आठ आठवड्यांनी मागची पानं उलटून पाहा. खुणा बदललेल्या नसतील तर गोळी थांबवा. हळूहळू कमी करत जायची गरज नाही, आजपासून बंद केली तरी चालते.