मुलांच्या हाडातली सिस्ट: प्लास्टर निघालं म्हणजे उपचार संपले नाहीत, या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोर झोक्यावरून पडतं, दंड सुजतो. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसतं आणि त्याच जागी हाडात एक पोकळी. ही पोकळी म्हणजेच सिस्ट. साधी सिस्ट बहुतेक वेळा अशीच सापडते, कारण हाड मोडेपर्यंत ती सहसा दुखत नाही. आत पिवळसर पाणी असतं. जास्त करून दंडाच्या खांद्याकडच्या टोकाला, खालोखाल खुब्याजवळ. हा कॅन्सर नव्हे, हे आधी घरच्या सगळ्यांना सांगा.

दंड घेऊन हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नका. आपल्याकडे गावोगावी तो सापडतो, लोकांचा विश्वासही असतो. पण सिस्टवरचं हाड अंड्याच्या टरफलासारखं पातळ झालेलं असतं. ओढून, चोळून ते आणखी मोडतं, आणि आतली पोकळी कुणाला कळतच नाही.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. "हात ते बरा व्हई गया, आते कसाले जावानं?" फ्रॅक्चर काही आठवड्यांत जुळतं, हे खरं. पण त्यामुळे सिस्टही आपोआप भरली असं फार थोड्या मुलांत, साधारण दहात एखाद्यात होतं. कापूस वेचणीच्या धांदलीत तपासणी राहून जाते आणि तोच दंड पुन्हा मोडतो. मूल दहा वर्षांखालचं असेल, सिस्ट हाडाच्या वाढीच्या पट्टीला (हाड जिथून लांबीला वाढतं तिला) चिकटून असेल, तर ती परत येण्याची शक्यता जास्त. निदान पहिली दोन वर्षं डॉक्टर सांगतील त्या तारखेला एक्स-रे काढाच.

आणि जुन्या फिल्म जपा. पोकळी पट्टीपासून दूर सरकली का, भिंत जाड झाली का, हे जुनी आणि नवी फिल्म शेजारी लावल्याशिवाय कळत नाही. रबर लावून कपाटामागे खोचलेल्या गुंडाळीतल्या फिल्म आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात. पाकिटात सपाट ठेवा. खिडकीच्या उजेडावर धरून, नाव आणि तारीख दिसेल असा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

एका इंजेक्शनवर भरवसा ठेवून बसू नका. सिस्टमधलं पाणी काढून स्टिरॉइड सोडण्याच्या पद्धतीचे निकाल इटलीचे हाडांचे डॉक्टर स्काग्लिएत्ती यांनी 1979 मध्ये मांडले. ती आजही वापरतात, पण इंजेक्शन अनेकदा दोन-तीन वेळा द्यावं लागतं. खरवडून हाडाचा चुरा भरला किंवा लवचीक सळी घातली तरी सिस्ट परत येऊ शकते. यात डॉक्टरांनी फसवलं असं नसतं. दर वेळी नवा दवाखाना गाठला की मागचा हिशोब तुटतो, नुकसान पोराचंच.

खुब्याजवळची सिस्ट मात्र "बघू पुढे" म्हणून सोडू नये. तिथं मोडलं तर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. मूल लंगडतं आणि गुडघा दुखतो म्हणतं, तेव्हा गुडघ्याबरोबर खुब्याचाही एक्स-रे मागा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

रक्तानं भरलेली अन्युरिझमल सिस्ट वेगळी. ती फुगते, जास्त वेळा परतते, आणि एक दुर्मीळ कॅन्सर हुबेहूब तिच्यासारखा दिसतो. म्हणून एमआरआय आणि बायोप्सीला (आतला छोटा तुकडा काढून तपासण्याला) नाही म्हणू नका. रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा झपाट्यानं वाढणारी सूज असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.

खेळ कायमचा बंद करू नका. कबड्डी कधीपासून, सायकल कधीपासून, हे प्रत्येक एक्स-रेनंतर डॉक्टरांना विचारा आणि तशी चिठ्ठी पीटीच्या सरांना द्या.