तालमीचा इतिहास लिहायचाय? आधी कीर्द उघडा

आमच्या तालमीच्या कार्यकारिणीनं मला बोलावून सांगितलं, "ताई, शंभरी आली. स्मरणिका काढायचीय. इतिहासाची आठ पानं तेवढी तुम्ही लिहा." मीच का? तर मी निवृत्त, म्हणजे त्यांच्या हिशेबानं रिकामी. एकतीस वर्षं सहकारी बँकेत कॅशियर होते. इतिहासाशी संबंध म्हणाल तर शाळेत सनावळ्या पाठ करण्यापुरता. पण आठ पानांची बावीस झाली, आणि त्यात मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. आमची तालीम सांगलीच्या गावभागातली. तुमचं क्रीडामंडळ, व्यायामशाळा किंवा खो-खोचा संघ दुसऱ्या कुठल्या गावात असेल. कपाट उघडल्यावर वास तोच येतो.

पहिली चूक म्हणजे मी प्रोसिडिंग बुकापासून सुरुवात केली. दोन महिने इतिवृत्तं वाचली. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर, अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली. या वह्या वाचून वाटेल की शंभर वर्षांत आमच्याकडे कुणी कुणाशी भांडलंच नाही! इतिवृत्तात संस्थेला जे दाखवायचं असतं ते येतं. जे घडलं ते कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत असतं, कारण पैसे दिले की नोंद करावीच लागते. म्हणून आधी रोजकीर्द, मग पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती (पावती फाडून दिल्यावर आपल्याकडे राहते ती प्रत), आणि त्यानंतर इतिवृत्त.

कीर्द वाचायची कशी? डावीकडे जमा, उजवीकडे नावे म्हणजे खर्च, वर 'श्री शिल्लक', म्हणजे आधीची उरलेली रक्कम. १ एप्रिल १९५७ च्या आधीचे आकडे रुपये-आणे-पै असे तीन घरांत असतात. ४-६-३ म्हणजे चार रुपये सहा आणे तीन पै. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. त्यानंतर नवे पैसे. तारखेचं पान फाटलं असेल तर एवढ्यावरूनही वही कुठल्या काळातली ते कळतं. जुन्या वह्यांत शके असतो. त्यात साधारण पौषापर्यंत ७८ मिळवा, आणि इंग्रजी वर्ष बदलल्यापासून पाडव्यापर्यंत ७९. आमची सर्वांत जुनी वही शके १८४९ च्या माघात सुरू होते, म्हणजे १९२८. मी आधी ७८ मिळवून १९२७ लिहिलं होतं आणि तशा दोन प्रती वाटूनही झाल्या होत्या.

त्या वहीच्या पहिल्या ओळीत 'श्री शिल्लक, मागील वहीवरून, ११-६-३' असं आहे. म्हणजे तिच्याआधी एक वही होती. हीच ओळ माझ्यासाठी सोन्याची ठरली. दारावरच्या पाटीवर 'स्थापना १९२५' आहे, त्याला कागदाचा आधार शोधून सापडला नाही. ती पाटी १९७५ च्या सुवर्णमहोत्सवात ऑइलपेंटनं रंगवलेली. न्यास नोंदणीच्या दाखल्यावर १९५३. पण मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच १९५० चा, त्यामुळे जुन्या तालमींची नोंदणी त्यानंतरचीच असणार. नोंदणीचं साल म्हणजे स्थापनेचं साल नव्हे. कित्येक संस्था इथेच घसरतात आणि पंचवीस वर्षांनी तरुण होतात. मी शेवटी लिहिलं, 'मंडळात स्थापना १९२५ ची मानतात. माघ शके १८४९ पूर्वी तालीम चालू होती याला वहीचा पुरावा आहे.' अध्यक्षांना हे वाक्य मिळमिळीत वाटलं. मी बदललं नाही.

आता खर्चाच्या बाजूला या. तिथे रमायला हरकत नाही. लाल माती तीन गाड्या, लिंबं दोन शेकडा, ताक, हळद, कापूर, गोडंतेल. ही हौद्याची माती मळायची सामग्री. ती वर्षातून किती वेळा येते यावरून कुस्ती किती जोरात होती ते कळतं. एका वर्षी एकदम एरंडेल दिसायला लागतं. कुणाचं पोट बिघडलं नव्हतं, मल्लखांब पुरला होता; खांबाला एरंडेलच चोळतात. दोन महिने मागे गेले तर सुताराची मजुरी आणि सागवानाचं बिल सापडलं. मल्लखांब कधी आला याचा ठराव नाही, समारंभ नाही. तेलावरून तारीख मिळाली. तसंच रॉकेल आणि गॅसबत्तीचं मेंटल ज्या महिन्यात थांबतं आणि वीजबिल सुरू होतं, तो महिना टिपा. त्यानंतर तालमीची संध्याकाळची वेळ बदललेली असते. वर्गणीच्या स्थळप्रती लावून बघा, मुलांची संख्याही हललेली दिसेल.

माझ्या स्वतःच्या बाबतीतली गोष्ट सांगते. मुलींचा वर्ग १९७३ ला सुरू झाला असं इतिवृत्त म्हणतं. 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली, चहाच्या आधी, सर्वानुमते. पण १९७१ च्या कीर्दीत मुलींच्या दोरीच्या मल्लखांबाचा 'सुती दोर १ नग' आहे, आणि त्याच आठवड्यात 'पडद्याचे कापड ९ मीटर'. तो दोर माझ्या पायाच्या अंगठ्यात धरलेला मला आठवतो. अकरा वर्षांची होते, फ्रॉकखाली भावाची हाफपँट. वस्तादांच्या पत्नी, आमच्या काकी, दाराशी सुपात तांदूळ निवडत बसायच्या. त्या बसल्यात म्हणून आयांनी मुली पाठवल्या. दोन वर्षं वर्ग चालल्यावर कार्यकारिणीनं तो 'सुरू' केला. काकींचं नाव एकाही ठरावात नाही. कीर्दीत आहे, दर महिन्याला: 'चहा, काकी, १.५०'. म्हणून सांगते, ज्यांना चहाचे, झाडलोटीचे, पाणी भरल्याचे पैसे दिले गेले त्यांची वेगळी यादी करा. इतिहासातली अर्धी माणसं तिथेच सापडतात.

जी नोंद नाही तीही वाचायची असते. फेब्रुवारी १९४८ च्या सुरुवातीला आमच्या कीर्दीत सलग अकरा दिवस कोरे आहेत. गांधीहत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जाळपोळ झाली ते दिवस. इतिवृत्तात त्याबद्दल चकार शब्द नाही. सभासदांच्या नोंदवहीत आडनावं बघा. आमच्याकडे पहिली कित्येक वर्षं दोनच गल्ल्यांतली आडनावं आहेत. तालीम 'सर्वांसाठी खुली' होती असं प्रत्येक भाषणात आहे, पण पलीकडच्या वस्तीतलं पहिलं आडनाव यायला १९५८ उजाडलं. एवढंच लिहायचं: आडनावं कुठली होती, कुठली नव्हती, आणि कधी बदललं. त्यावर दोघांनी आक्षेप घेतला. मी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली.

जागेचे कागद हा कोरडा विषय आहे, पण टाळू नका. सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रकाचा उतारा घ्या आणि त्यावरच्या फेरफाराच्या नोंदी खालून वर वाचा. धर्मादाय कार्यालयात नक्कल अर्ज करून न्यासाच्या नोंदवहीचा उतारा आणि मंजूर बदल अर्ज मिळतात. विश्वस्त कधी बदलले आणि कधी दोन गट पडले ते त्यात स्पष्ट दिसतं. सांगलीसारखं गाव संस्थानातलं असेल तर १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा जागेचा हुकूम दरबाराचा असणार, त्यामुळे तोपर्यंतच्या नगरपालिकेच्या ठरावांवरच डोळे फोडत बसू नका. जुना मजकूर मोडी लिपीत असला तर घाबरू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, आणि तिथून शिकलेलं कुणीतरी तुमच्या जिल्ह्यात निघतंच. आम्हाला एक निवृत्त तलाठी भेटले. मानधन घेतलं नाही, पण दर बैठकीला भडंग संपवलं.

मग माणसं. म्हाताऱ्या सभासदांना 'कोणत्या साली?' असं विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही आणि मान राखण्यासाठी ते ठोकून देतात. खुंट्या द्या. दिनकर दह्यारी १९६१ ला पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा तुम्ही आखाड्यात होता का? कवठेपिरानचे मारुती माने १९६२ ला जकार्ताहून पदकं घेऊन आले, ते आठवतं? कोयनेचा भूकंप पहाटे झाला, डिसेंबर ६७ मध्ये, त्या दिवशी तालीम भरली होती का? बहात्तरच्या दुष्काळात मुलं कमी झाली का? अशा प्रश्नांना उत्तरं खरी येतात. माणसाला एकट्यात भेटा, आणि जमलं तर दुपारच्या झोपेनंतर. चार जण एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा, आणि 'हे छापू नका' म्हणाले तर छापू नका. वर्गणी बुडवणाऱ्यांची नावं मलाही सापडली आहेत. ती माझ्यापाशीच राहतील.

दंतकथांचं काय करायचं? आमच्याकडे एक ठाम दंतकथा होती की तालमीचा एक पठ्ठा १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आला. तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं झाली हे खरं आहे. पण तो चमू अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा होता, १९१४ पासून चालत आलेल्या मोठ्या संस्थेचा. आमच्या कीर्दीत ३५ सालच्या वैशाखात 'अमरावती वर्गास जाणेयेणे गाडीभाडे' अशी नोंद मिळाली. म्हणजे गडी अमरावतीला शिकायला गेला होता, पुढच्या वर्षी तिथली मंडळी बर्लिनला गेली, आणि पन्नास वर्षांत बोलता बोलता तोही बोटीत चढला. मी दोन्ही छापलं, दंतकथा आणि गाडीभाडं. त्याच्या नातवाला आधी दाखवून छापलं. तो हसला, पण आजीला सांगू नका म्हणाला.

कागदांची निगा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि आमच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात बुडाले. १९८१ ते १९९४ ची कीर्द तिथे होती. पाणी ओसरल्यावर पोरांनी प्रेमानं वह्या गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या. पानांची वीट झाली. भिजलेली वही उन्हात ठेवायची नाही आणि ओली पानं ओढून सोडवायची नाहीत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, दर थोड्या पानांनी मध्ये कोरा टिपकागद घालून तो बदलत राहायचं. वह्या खूप असतील आणि हात कमी असतील तर पिशवीत बांधून डीपफ्रीजरमध्ये ठेवा, मग सवडीनं एकेक काढा. आइस्क्रीमवाला ओळखीचा असला तर बरं. आणि मुळात कपाट वरच्या मजल्यावर न्या. ती चौदा वर्षं मला बँकेच्या पासबुकांवरून आणि ऑडिट रिपोर्टांच्या प्रतींवरून जुळवावी लागली. आकडे जुळले, पण माती आणि लिंबं गेली.

फोटो अल्बममधून उचकटू नका. जागच्या जागी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता मोबाईलवर घ्या. मागे नावं लिहायची तर पेन्सिलीनं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूनं चेहऱ्यावर उठतो. एकच फोटो तिघांना वेगवेगळा दाखवा. दोघांनी तेच नाव सांगितलं तर छापा, नाहीतर 'डावीकडून तिसरे अनोळखी'. आमच्या स्मरणिकेत सात अनोळखी आहेत. प्रकाशनाच्या दिवशीच त्यांतल्या दोघांची नावं कळली, एकाची तर त्याच्या बहिणीनं सांगितली.

लिहायला बसल्यावर 'स्थापना, उद्देश, अध्यक्षांची परंपरा' हा साचा मोडा. अध्यक्षांची यादी शेवटी तक्त्यात टाका, शुभेच्छासंदेश त्याच्याही मागे. मी सुरुवात मातीच्या तीन गाड्यांपासून केली. प्रत्येक विधानापुढे माझ्या कच्च्या वहीत वहीचं नाव आणि पान टिपलं होतं, म्हणून वाद झाला तेव्हा दोन मिनिटांत पान उघडता आलं. कच्चा मजकूर छापण्याआधी जुन्या चार-पाच जणांसमोर मोठ्यानं वाचा. चुका तिथे सापडतात, आणि विसरलेल्या गोष्टीही. आमच्या वाचनात एका आजोबांना काकींचं पाळण्यातलं नाव आठवलं. ते छापलं. छापून झाल्यावर दोन प्रती गावच्या वाचनालयात द्या आणि सगळ्या वह्यांचे फोटो निदान तीन घरांत ठेवा, त्यातलं एक नदीपासून लांब.

छपाईचं बिल आलं. खजिनदारानं कीर्दीत लिहिलं, 'किरकोळ छपाई'. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, म्हणून त्याच ओळीपुढे लाल शाईनं त्याच्याकडून लिहून घेतलं: 'शताब्दी स्मरणिका, ५०० प्रती. चहा वेगळा.'